तलवारीला नळी, बंदुकीला पातं: जोडहत्यारांचं नेमकं कुठे बिनसलं?

लोहगंध:

तलवार आणि पिस्तूल एकाच मुठीत बसवायचा खटाटोप माणसाने जवळजवळ चारशे वर्षं केला. सोळाव्या शतकात जर्मन कारागिरांनी शिकारीच्या सुऱ्यांना पिस्तुलं जोडली, आणि पहिल्या महायुद्धात इंग्रज अधिकारी वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या नळीला पातं अडकवत होते. मधल्या काळात कुऱ्हाडी, गदा, ढाली, कट्यारी, खिशातले चाकू, काहीही सुटलं नाही. तरीही यातलं एकही हत्यार कुठल्या सैन्याच्या अंगवळणी पडलं नाही. का पडलं नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं सोडत नाहीये, म्हणून हा धागा.

या सगळ्याची किल्ली बार पेटवायच्या कळीत आहे असं मला वाटतं. तोड्याच्या बंदुकीला सतत धुमसती वात लागते. हातात पेटती वात घेऊन तलवार कशी चालवणार? सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात व्हीललॉक आलं आणि चित्र पालटलं. त्यात दातेरी पोलादी चाक किल्लीने पिळून ठेवायचं. चाप ओढला की चाक गर्रकन फिरतं, त्यावर दाबलेल्या पायराइटच्या खड्यातून ठिणग्या उडतात आणि रंजक, म्हणजे बार पेटवायची बारीक दारू, पेटते. वातीची गरज संपली, भरलेलं हत्यार झग्याखाली दडवून नेता येऊ लागलं. राज्यकर्त्यांनी याची एवढी धास्ती घेतली की सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने १५१७-१८ मध्येच अशा आपोआप पेटणाऱ्या कळींवर बंदी घातली. जोडहत्यारांची खरी सुरुवात याच कळीने झाली. व्हेनिसच्या डोजच्या (तिथल्या राज्यप्रमुखाच्या) राजवाड्यातल्या शस्त्रागारात व्हीललॉक जोडलेली आडवी धनुष्यं (क्रॉसबो) आजही पाहायला मिळतात. नव्या कळीवर भरवसा बसेपर्यंत जुनं हत्यार सोबत ठेवायचं, हा विचार त्यांत उघड दिसतो.

पुढे चकमकीची कळ (गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी, फ्लिंटलॉक) आली, मग एकोणिसाव्या शतकात टोपीची (ठोक्याने पेटणारी स्फोटक टोपी असलेली). दर वेळी कळ बदलली की कुणीतरी नव्याने तलवारीला नळी जोडून पाहिली. यातला सर्वांत गंभीर प्रयत्न अमेरिकेतला. जॉर्ज एल्गिन याने १८३७ च्या जुलैत आपल्या 'कटलस पिस्तुला'चं पेटंट घेतलं (कटलस म्हणजे खलाशांची आखूड, रुंद तलवार). सुमारे पाच इंची नळी, .५४ कॅलिबर, टोपीची कळ, आणि नळीच्या खाली अकरा इंचांच्या आसपास लांबीचं रुंद, बोवी सुऱ्याच्या घाटाचं पातं. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या सी. बी. अ‍ॅलन यांनी अमेरिकन नौदलासाठी अशी १५० बनवली. ती चार्ल्स विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली १८३८ मध्ये दक्षिण समुद्राकडे निघालेल्या शोधमोहिमेला देण्यात आली. अनोळखी बेटांवर छोट्या होडीतून उतरणाऱ्या खलाशाला एक बार आणि त्यामागून लगेच धार मिळावी, हा हेतू. कागदावर हेतू पूर्ण बरोबर आहे.

पण पेटंटचं साल पुन्हा पाहा. सॅम्युएल कोल्टचं रिव्हॉल्व्हरचं अमेरिकन पेटंट फेब्रुवारी १८३६ चं. म्हणजे एल्गिनचं हत्यार जन्मलं तेव्हा त्याचा काळ आधीच संपत आला होता. पहिला बार झाल्यावर काय, या प्रश्नाला एल्गिनचं उत्तर पातं, तर कोल्टचं उत्तर दुसरा बार. माझं मत असं की जोडहत्यारांचं चुकलं ते वेळेत. कल्पनेत खोट नव्हती. रिव्हॉल्व्हर पन्नास वर्षं उशिरा आलं असतं तर प्रत्येक जहाजावर एल्गिनची हत्यारं दिसली असती.

तुमची मतं वाचायला उत्सुक आहे. विरोधी असतील तर अधिकच.


सागरगोटी:

लेख एका दमात वाचला. एक अगदी प्राथमिक प्रश्न: अशी तलवार हातात फार जड होत नसेल का? आणि बार एकदाच. तो झाला की नळी नुसती ओझंच ना?


पाणीदार:

लोहगंध, लेखातली माहिती उत्तम, पण निष्कर्ष मला पटला नाही. माझं काम धातूचं आहे, त्यामुळे मी हे भट्टीच्या बाजूने पाहतो. तिथून पाहिलं तर खोट कल्पनेतच आहे, आणि ती कोल्टच्या तीनशे वर्षं आधीपासून आहे.

पातं आणि नळी यांना लोखंडाकडून अगदी उलट गुण हवे असतात. पात्याला पाणी देतात म्हणजे ते लालबुंद तापवून एकदम थंड करतात. पोलाद त्याने कमालीचं कठीण होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा हलकं, साधारण २५० ते ३५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. धार टिकेल इतकं कठीण आणि वाकलं तर परत सरळ होईल इतकं लवचिक, हा मध्य साधणं हीच पातं घडवणाऱ्याची सगळी विद्या. नळीचं याच्या अगदी विरुद्ध. काळ्या दारूच्या काळातली नळी मऊ घडीव लोखंडाची असायची. बार जास्त भरला गेला तर ती फुगावी, फार तर चिरावी, पण ठिकऱ्या होऊन हातात फुटू नये म्हणून.

आता या दोघांना जोडायचं कसं? पितळेचा डाख (वितळलेल्या धातूचा सांधा) द्यायचा तर ८०० अंशांच्या वर जावं लागतं. तेवढ्या उष्णतेत पात्याचं पाणी उतरतं. तलवारीची पट्टी होते. कथलाचा डाख दोन-अडीचशे अंशांत बसतो, पाणी शाबूत राहतं, पण प्रत्येक बाराच्या धक्क्याने आणि प्रत्येक वाराच्या हादऱ्याने तो सांधा थोडा थोडा सुटतो. राहिले स्क्रू. स्क्रूसाठी पात्याला भोकं पाडायची, आणि तीही मुठीजवळ, जिथे वाराचा सगळा ताण येऊन थांबतो. कडक पोलादातली तडा जायची पहिली जागा म्हणजे भोकाची कड. तेव्हा कारागीर शेवटी नळी पात्याला न जोडता मुठीच्या परजाला (हात वाचवणाऱ्या आडाला) किंवा चौकटीला जोडत. एल्गिनच्या बाबतीत तर पिस्तूलच मुख्य आणि पातं त्याच्या चौकटीत बसवलेलं. म्हणजे मुळात ती तलवार नव्हतीच.

दुसरा मुद्दा गंजाचा. काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन मळ म्हणून मागे राहतो. तो मळ हवेतला ओलावा ओढून घेतो. बार झाल्यावर नळी गरम पाण्याने धुवावी लागते, नाहीतर दोन दिवसांत आतून तांबूस होते. पात्याला मात्र पाणी लागू द्यायचं नाही, त्याला तेलाचा हात. नळी पात्याला चिकटून असेल तर दोघांमधल्या फटीत मळही जातो आणि पाणीही. तिथे कापड पोचत नाही. समुद्रावर, खाऱ्या हवेत, तर विचारच करायला नको.

आणि भरायचं कसं? ठासणीच्या नळीत दारू, गोळी, वरून गज. नळीच्या तोंडापुढे जर हातभर धारदार पातं गेलेलं असेल तर गज ठासणारी बोटं त्या धारेला लागूनच वरखाली होणार. घाईत, घामेजल्या हाताने. ज्याने कुणी एकदा हे केलं असेल त्याने दुसऱ्यांदा फक्त वार केला असेल.


लोहगंध:

पाणीदार, गजाचा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. इतकी चित्रं पाहिली पण हात कुठून फिरणार हे पाहिलंच नाही. पाणी उतरण्याबद्दलही मनापासून आभार.


पवित्रा:

मी तलवारबाजी शिकवतो, त्यामुळे सागरगोटी यांच्या वजनाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून.

चांगली लढाऊ तलवार एक किलोच्या आसपास असते. तलवार जड वाटते की हलकी, हे काट्यावरच्या वजनापेक्षा तोल कुठे आहे यावर जास्त ठरतं. नळी आणि कळ मुठीजवळ असतात, त्यामुळे तोल मागे सरकतो. टोक त्याने उलट हलकं आणि चपळ होतं, भोसकायला बरं. पण छाटायला टोकाकडे वजन लागतं, ते मिळत नाही. एकंदर हत्यार जड आणि वार मात्र हलका, अशी स्थिती होते.

याहून मोठी अडचण वेगळी आहे आणि ती फार कमी ठिकाणी वाचायला मिळते. तलवारीच्या पात्याचे दोन भाग मानतात. टोकाकडचा भाग मारायचा, मुठीजवळचा भाग अडवायचा. शत्रूचा वार तुम्ही नेहमी मुठीजवळच्या जाड भागावर घेता, कारण तिथे तुमच्या मनगटाचं बळ पोचतं. आणि पिस्तूल-तलवारीत कळ, घोडा, रंजकेची पेटी हे सगळं कुठे असतं? बरोबर तिथेच. म्हणजे समोरच्याचा प्रत्येक वार तुमच्या पिस्तुलाच्या नाजूक भागावर. चकमकीच्या कळीत तर पेटीचं झाकण नुसत्या हादऱ्याने उघडून रंजक सांडू शकते. आधी दोन वार अडवले आणि मग बार काढायचा म्हटलं तर बार निघेलच याची खात्री नाही. म्हणून क्रम एकच उरतो: आधी बार, मग तलवार. आणि हाच क्रम ठरलेला असेल तर पिस्तूल वेगळं ठेवून, बार झाल्यावर टाकून देऊन, हलकी तलवार उपसणं केव्हाही बरं.

तिसरी गोष्ट मुठीच्या कोनाची. पिस्तुलाची मूठ नळीपासून खाली वळलेली असते, म्हणजे मनगट न वाकवता नेम धरता येतो. तलवारीची मूठ पात्याच्या रेषेत सरळ. सरळ मुठीने नेम धरायचा तर मनगट पुढे मोडून, भोसकण्याच्या पवित्र्यात हात पूर्ण लांबवावा लागतो. तसा तो लांबवता येतो, मी काठी घेऊन करून पाहिलं आहे, पण त्या स्थितीत चाप ओढणारं बोट मुठीवरची पकड सैल करतं. एल्गिनने मूठ पिस्तुलाची ठेवली. मग नेम साधला, पण त्या वळलेल्या मुठीने छाटणं म्हणजे कोयता उलट्या बाजूने धरून चालवण्यासारखं. दोन्ही कोन एका हातात बसत नाहीत.


आडवाट:

पाणीदार आणि पवित्रा यांनी जे सांगितलं त्यावरून मला तर हेच दिसतं की ही हत्यारं लढाईसाठी नव्हतीच. श्रीमंतांच्या दालनातल्या कौतुकाच्या वस्तू होत्या.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सोळाव्या शतकातला एक जर्मन शिकारसुरा आहे, व्हीललॉक पिस्तूल जोडलेला. त्याच्या पात्यावर अ‍ॅम्ब्रोसियस गेम्लिश या नक्षीकाराने आम्लाने कोरलेलं कॅलेंडर आहे. एकाच वस्तूत सुरा, पिस्तूल आणि पंचांग! ज्याला रानडुकरासमोर उभं राहायचं आहे तो पात्यावर तिथी कशाला पाहील? त्या काळचं व्हीललॉक म्हणजे घड्याळाच्या तोडीचं नाजूक यंत्र, तशीच त्याची किंमत. अशी वस्तू राजपुत्र एकमेकांना भेट देत, पाहुण्यांना दाखवत. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची 'फिरायची काठी' घ्या. काटेरी गदा आणि तिच्या डोक्यात तीन छोट्या नळ्या. रात्री ती घेऊन राजा वेष पालटून शहराची गस्त तपासायला निघाला आणि पहारेकऱ्याने त्यालाच पकडून कोठडीत टाकलं, अशी दंतकथा तिच्याभोवती आहे. दंतकथा जोडली जाते ती अशाच वस्तूंना, ज्यांनी प्रत्यक्षात फार काही केलेलं नसतं.


दर्यासारंग:

आडवाट, गेम्लिशच्या सुऱ्याबद्दल मान्य. पण सगळ्यांना त्याच दालनात कोंडू नका. ज्याचा एक हात कायम अडकलेला असतो, त्याच्या जागी उभं राहून पाहा.

शत्रूच्या जहाजावर चढणाऱ्या खलाशाचा एक हात दोरावर किंवा कठड्यावर असतो. दुसऱ्या हातात एकच हत्यार मावतं. पिस्तूल घेतलं तर बार झाल्यावर ते फेकून कटलस उपसायला एक क्षण लागतो, आणि तोच क्षण जीवघेणा. घोडेस्वाराचंही तेच, डावा हात लगामावर. म्हणून जोडहत्याराची गरज खरीखुरी होती. ज्याला गरज होती त्याने ती बहुतेक वेळा जास्त पिस्तुलं अंगावर बाळगून भागवली, हा भाग वेगळा. समुद्री चाचा ब्लॅकबिअर्डच्या छातीवरच्या पट्ट्यात तीन जोड्या पिस्तुलं असत, असं त्याच्या समकालीन वर्णनात आहे. घोडेस्वार खोगिराच्या दोन्ही बाजूंना पिस्तुलांची म्यानं बांधत.

आणि हेन्रीचंच उदाहरण घ्यायचं तर गदा सोडा, त्याच्या बंदूकढाली पाहा. गोल लाकडी ढाल, सुमारे अर्धा मीटर व्यासाची, वरून पोलादी पत्रे, मधोमध छोटी नळी आणि तिच्या वर पाहायला जाळीची खिडकी. रेव्हेनाच्या एका इटालियन कारागिराने १५४४ मध्ये अशा ढाली राजाला देऊ केल्या होत्या. हेन्रीच्या मृत्यूनंतर १५४७ मध्ये केलेल्या यादीत अशा ३५ ढाली नोंदल्या आहेत. ३५ नग म्हणजे कौतुकाची वस्तू नव्हे, ती तुकडीची खरेदी झाली. शिवाय १५४५ मध्ये बुडालेल्या 'मेरी रोझ' या युद्धनौकेच्या अवशेषांत अशा ढालींचे तुकडे सापडले. राजाच्या दालनातली वस्तू युद्धाला निघालेल्या जहाजावर कशाला जाईल?

यात एक गोष्ट पाणीदार यांना आवडेल. या ढालींची नळी मागून भरायची. मागचं तोंड उघडायचं, आधीच भरलेला छोटा लोखंडी कोठा आत सरकवायचा, बंद करायचं. ढालीमागे उभ्या माणसाला पुढून ठासायला जाताच येत नाही, म्हणून कारागिराने मागून भरायची सोय केली. आणि कळ? तोड्याची! लोहगंध म्हणतात तशी वात अडचणीची खरी, पण ढाल तलवारीसारखी फिरवायची नसते. ती कठड्यावर टेकवून धरली की वात चालते. तलवारीला जे जमलं नाही ते ढालीला निदान अर्धंमुर्धं जमलं.


पाणीदार:

आवडलंच! अडचण नेमकी ओळखून केलेली सोय आहे ती.


सागरगोटी:

पवित्रा यांचा मुठीच्या कोनाचा मुद्दा वाचून कट्यार आठवली. तिची मूठ तर आडवी असते. मग पिस्तूल जोडलेल्या कट्यारींचं काय?


पवित्रा:

फार नेमका प्रश्न विचारलात. मला वाटतं या सगळ्या कुळात कोन जमला असेल तर तो फक्त कट्यारीला.

कट्यारीत दोन उभ्या पट्ट्यांमध्ये आडव्या दांड्या असतात, त्या मुठीत धरायच्या. पातं बोटांच्या पुढे, थेट कोपरापासून मनगटापर्यंतच्या रेषेत येतं. ठोसा मारावा तसा वार. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या काही कट्यारींना पात्याच्या दोन्ही अंगांना एकेक छोटी पिस्तुलाची नळी बसवलेली आढळते, चाप मुठीच्या दांड्यांपाशी. मूठ शत्रूकडे रोखली की नळीही आपोआप त्याच्याकडे. मनगट मोडायला नको, पकड सैल करायला नको. शिवाय दोन नळ्या दोन बाजूंना, म्हणजे तोल बिघडत नाही. कट्यारीने शत्रूचा वार अडवायचा प्रसंगही तलवारीपेक्षा कमी, ते काम ढालीचं. त्यामुळे कळीवर घाव बसण्याची भीतीही कमी.

मग ती सर्रास का झाली नाही? अंतरामुळे. कट्यारीचा वार होतो तो छातीला छाती भिडल्यावर. तेवढ्या जवळ आल्यावर कट्यार स्वतःच पुरेशी आहे. आणि त्याआधी, चार पावलांवरून, नेम धरायला कट्यारीच्या आखूड नळ्या फारशा कामाच्या नाहीत. दोन्ही हत्यारांचं उपयोगाचं अंतर एकच असलं की एक जादा ठरतं.


लोहगंध:

यात एक भर. एकोणिसाव्या शतकातल्या काही हिंदुस्थानी ढालींवर जी चार फुलं असतात, त्यांच्या आड टोपीच्या कळीची चार छोटी पिस्तुलं दडवलेली सापडतात. फूल बिजागरीवर बाजूला होतं आणि नळीचं तोंड उघडं पडतं. ढालीवर चार फुलं असायचीच, कारण त्यांच्या मागे आतल्या मुठीच्या आणि गादीच्या कड्या अडकवलेल्या असतात. त्यामुळे पाहणाऱ्याला शंकाही येत नाही. आहे त्या रचनेतच जागा शोधली, नवं काही चिकटवलं नाही, म्हणून मला हे काम फार देखणं वाटतं. तबरीच्या, म्हणजे लढाऊ कुऱ्हाडीच्या पोकळ दांड्यात नळी बसवल्याचीही उदाहरणं आहेत. दांडा हीच नळी.


दुसरी_फळी:

सगळी चर्चा सुंदर चालली आहे, पण मूळ लेखातल्या एका वाक्यावर माझा ठाम आक्षेप आहे. 'एकही हत्यार कुठल्या सैन्याच्या अंगवळणी पडलं नाही.' आणि संगीन?

बंदूक आणि पातं यांचं जोडहत्यार जगातल्या जवळजवळ प्रत्येक सैन्याने स्वीकारलं, आणि ते अडीच-तीनशे वर्षं टिकलं. आपण ते इतकं पाहिलेलं आहे की जोडहत्यार म्हणून ओळखतच नाही.

त्याचा इतिहास पाहिला तर इथे चाललेल्या प्रत्येक मुद्द्याचं उत्तर त्यात सापडतं. पहिली संगीन म्हणजे साधा सुरा, त्याची लाकडी मूठ निमुळती करून नळीच्या तोंडात खुपसायची. सतराव्या शतकात फ्रेंच सैन्यात ती दिसते. खुपसली की भाला तयार, पण बार बंद. एका वेळी एकच काम. याची जबर किंमत २७ जुलै १६८९ रोजी स्कॉटलंडमध्ये किलीक्रँकीला मोजावी लागली. जनरल ह्यू मॅकायच्या सैनिकांनी बार काढले आणि डोंगरावरून तलवारी घेऊन धावत येणारे हायलँडर अंगावर येईपर्यंत त्यांना संगिनी खुपसायला वेळच मिळाला नाही. फळी काही मिनिटांत मोडली. पुढे मॅकायने स्वतः नळीच्या बाहेरून बसणाऱ्या संगिनीचा पाठपुरावा केला. फ्रान्समध्ये लष्करी अभियंता व्होबाँ याच सुमारास तेच सांगत होता: पात्याला बांगडीसारखी पोकळ बैठक करा, ती नळीवर बाहेरून चढवा, पातं थोडं बाजूला वळवा. नळीचं तोंड मोकळं. संगीन चढवलेली असतानाही बार काढता येतो आणि ठासताही येतं.

पाणीदार यांच्या कसोटीवर लावून पाहा. डाख नाही, भोकं नाहीत, पात्याचं पाणी शाबूत. धुवायची वेळ आली की पातं काढून ठेवा. पवित्रा यांच्या कसोटीवरही पाहा. हात बदलत नाही, कारण दोन्ही हातांनी बंदूक धरायची तीच पकड भाल्याचीही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अंतर. बार शंभर पावलांवर, संगीन दोन पावलांवर. एकाचं अंतर संपतं तिथून दुसऱ्याचं काम सुरू होतं.

तेव्हा जोडहत्यार फसलं ते तलवारीला नळी जोडल्यामुळे. बंदुकीला पातं जोडलं तिथे ते यशस्वी झालं. तुमच्या शीर्षकातच दोन्ही आहेत, लेखात मात्र अर्धाच भाग आला.


लोहगंध:

दुसरी_फळी, आक्षेप शंभर टक्के मान्य. ते वाक्य चुकलं आणि त्यामुळे निष्कर्षही. रिव्हॉल्व्हरमुळे जोडहत्यारं मागे पडली हे माझं म्हणणं मी मागे घेतो. त्याचा पुरावा तर माझ्यासमोरच होता. रिव्हॉल्व्हर आल्यावरही लोक थांबले नाहीत. १८६० च्या दशकात फ्रान्स-बेल्जियममध्ये लफोशे पद्धतीचं पिनफायर (काडतुसाच्या बाजूच्या पिनेवर घोडा आपटून बार पेटवणारं) रिव्हॉल्व्हर मुठीत बसवलेल्या तलवारी निघाल्या. बार सहा झाले, भरणं सोपं झालं, गज गेला. तरी त्या चालल्या नाहीत. म्हणजे एकच बार असणं हा मूळ दोष नव्हता. दोष पवित्रा म्हणतात तो, हाताचा आणि अंतराचा.

बेल्जियमच्याच लुई डोल्न याचं हत्यार पाहा, जे पुढे पॅरिसच्या गुंडटोळ्यांच्या नावावरून 'अपाश' म्हणून ओळखलं गेलं. घडी घातली की खिशात मावतं. मूठ म्हणजे बोटांत घालायचा धातूचा पंजा, खाली दुमडलेलं बारीक पातं, वर छोटं रिव्हॉल्व्हर. या रिव्हॉल्व्हरला नळीच नाही. गोळी सरळ चक्रातून सुटते, त्यामुळे हातभर अंतरापलीकडे नेमाचा भरवसा नाही. चापाला संरक्षक कडी नाही, म्हणून खिशात चुकून बार होऊ नये यासाठी घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं. तीन हत्यारं आणि तिन्हींचं अंतर तेच, हातभर. त्याच्या उलट शेफील्डच्या अनविन अँड रॉजर्स यांचे खिशातले पिस्तूल-चाकू. त्यात चाकू हा रोजच्या कामाचा चाकू, आणि पिस्तूल अडीअडचणीला. मुठीच्या पोटात गोळी ओतायचा साचा आणि छोटा गजही बसवलेला. तिथे दोन हत्यारांना एका झटापटीत काम करायचंच नव्हतं. मला आता तेच जास्त शहाणपणाचं वाटतं.


आडवाट:

दर्यासारंग, ३५ ढालींबद्दल माझं मत बदललं. धन्यवाद. गेम्लिशच्या सुऱ्याबद्दल मात्र ठाम आहे.


दर्यासारंग:

तिथे मीही तुमच्याच बाजूने. फक्त एवढंच सांगतो, की कॅलेंडर कोरलेली पाती त्या काळी जर्मनीत आणखीही बनत. सणवार आणि उपासाचे दिवस पाहणं हा शिकाऱ्याच्याही दिनक्रमाचा भाग होता.


सागरगोटी:

दुसरी_फळी, तलवारीएवढी लांब संगीनही असते ना? ती मग तलवार म्हणायची की संगीन?


दुसरी_फळी:

असते. नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटिश रायफलवाल्यांना बेकर रायफल दिली होती. तिची नळी ३० इंचांची, म्हणजे साध्या पायदळाच्या मस्केटपेक्षा बरीच आखूड. संगीन-लढाईत आपला माणूस आखूड पडू नये म्हणून तिला पितळी मुठीचं जवळजवळ दोन फुटी पातं दिलं. कमरेला लावली की तलवार, नळीला चढवली की संगीन. नळीच्या बाजूला ती लावली की रायफलचा तोल मात्र जायचा, म्हणून नेमबाजीच्या वेळी ती म्यानातच. ब्रिटिश रायफल रेजिमेंटमध्ये संगिनीला आजही 'सोर्ड' म्हणतात. इतर पलटणींत 'फिक्स बायोनेट्स' असा हुकूम सुटतो, यांच्यात 'फिक्स सोर्ड्स'.


पवित्रा:

आणि लोहगंध यांनी सुरुवातीला म्हटलेल्या वेब्लीच्या पात्याबद्दल राहूनच गेलं. कॅप्टन प्रिचर्ड यांची ती कल्पना, बर्मिंगहॅमच्या ग्रीनर कंपनीने बनवली. पातं नवं घडवलंच नाही, फ्रेंच ग्रास रायफलच्या जुन्या संगिनीचं कापून लावलं, नळीवर चढवता-उतरवता येईल असं. खंदकात ती हातात धरली तर मूठ पिस्तुलाची, म्हणजे फक्त भोसकता येतं, आणि ते पातं भोसकण्यासाठीच होतं. छाटायचा आग्रह सोडला की कोनाची अडचण निम्मी होते. तरी सैन्याने अधिकृतपणे ती घेतली नाही. अधिकारी स्वखर्चाने घेत.


पाणीदार:

संगिनीचं पातं कापून लावलं, म्हणजे पाणी आधीच दिलेलं. मूठ बसवताना बुडखा तापवला असेल तर तेवढाच मऊ पडला असणार, टोक शाबूत. एखादी हातात घेऊन बुडख्याजवळ कानस फिरवून पाहायला मिळाली तर लगेच कळेल.